हवेचे इनकमिंग

'गळती' या शब्दाला मराठीत एक ठरलेली दिशा आहे. छप्पर गळते, नळ गळतो, शाळेतली मुले गळतात आणि निवडणूक तोंडावर आली की पक्ष गळू लागतात. या सर्व ठिकाणी आत असलेले बाहेर जाते आणि मागे राहिलेले हळहळत बसतात. मोटारीच्या इंजिनाला जडणारी 'व्हॅक्यूम लीक' नावाची व्याधी मात्र याच्या नेमकी उलट आहे, कारण तिच्यात आतले काहीच बाहेर जात नाही, तर कोणीही न बोलावलेली बाहेरची हवा एखाद्या फटीतून आत शिरते आणि घरचीच असल्यासारखी वावरू लागते. मराठी राजकीय पत्रकारितेने पक्षांतरासाठी रूढ केलेला 'इनकमिंग' हा शब्द या प्रकाराला 'गळती'पेक्षा कितीतरी नेमका बसतो, आणि त्यातली अडचणही तीच आहे: आलेल्यांची सोय कुठे लावायची याचा हिशेब कोणीच केलेला नसतो. गॅरेजमधली बोली या बाबतीत कोशकारांपेक्षा शहाणी ठरते, कारण तिथे 'एअर घेते' एवढेच म्हणतात. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपाचा सांधा सैल झाला की पंप हवा धरतो आणि पाणी सोडतो, मग शेतकरी त्या सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळतो. तिथले आणि इथले तत्त्व एकच आहे. फरक एवढाच की पंपाच्या मालकाला पाणी हवे असते, तर सुधारलेल्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला नेमके काय हवे असते हे त्याच्या घरच्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

पेट्रोल इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली, हवेच्या वाटेवर आडवी बसवलेली चकतीसारखी झडप म्हणजे थ्रॉटल, आणि थ्रॉटलपासून इंजिनापर्यंत हवा वाटून नेणारी नळ्यांची जोडणी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असते आणि इंजिन मात्र आतून हवा उपसतच राहते, त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा बराच खाली जातो. याला 'व्हॅक्यूम' म्हणतात, पण ही थोडी बढाई आहे, कारण खऱ्याखुऱ्या निर्वातासाठी दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांनी उतरावा लागेल आणि निरोगी पिस्टन इंजिन समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंचांपर्यंतच पोचते. 'इंजिन हवा ओढते' हेही सोयीपुरते खरे, कारण प्रत्यक्षात बाहेरचे वातावरण तिला आत ढकलत असते. सतराव्या शतकात माग्डेबुर्ग या जर्मन नगराचे महापौर ओटो फॉन गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना भिडवून आतली हवा काढून घेतली आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते वेगळे होत नाहीत हे लोकांना दाखवले. त्यांचा सांधा हवाबंद राहिला, यावरून त्या गोलांत मध्यंतरी कोणी सुधारणा केलेली नव्हती एवढे खात्रीने म्हणता येते.

मॅनिफोल्डला तीन मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून जरासे मोठे भोक पडले, तर उभ्या गाडीत त्यातून सेकंदाला एक ग्रॅमच्या वर हवा आत येते. हा आकडा किरकोळ वाटेल, पण दोन लिटरच्या साध्या इंजिनाला उभ्याने धुगधुगी राखण्यासाठी सेकंदाला दोन-तीन ग्रॅमच हवा पुरते, तेव्हा या न्यायाने मोहरीएवढ्या भोकाने घराचा तिसरा हिस्सा, कधी निम्मे घरच बळकावलेले असते. अडीचशे अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात धावताना मात्र सेकंदाला दोनशे ग्रॅमच्या आसपास हवा खाते आणि त्या लोंढ्यात तो एक ग्रॅम कुठल्या कुठे हरवतो. म्हणून ही व्याधी असलेली गाडी रस्त्यावर वाऱ्यासारखी पळते आणि सिग्नलला, चार लोकांच्या देखत, दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकते. धावण्यासाठीच घेतलेल्या गाडीचा मालक आयुष्यातला बराच काळ ती थांबल्यावर कशी वागते या चिंतेत काढतो, हे या छंदाचे पहिले वैशिष्ट्य होय.

ही घुसखोरी इंजिनाला कशी बाधेल हे गाडी हवा मोजते कशी यावर अवलंबून असते, आणि मोजण्याच्या दोन रीती लग्नाच्या पंगतीवरून चांगल्या समजतात. पहिल्या रीतीत मांडवाच्या दाराशी एक गृहस्थ वही घेऊन बसतो आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद करतो. त्याचे नाव 'मास एअर फ्लो सेन्सर'. मागच्या कनातीखालून शिरलेले पाहुणे वहीत येत नाहीत, स्वयंपाक मात्र वहीबरहुकूम होतो, आणि सगळ्यांनाच अर्धपोटी उठावे लागते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे वजनी प्रमाण मोडून हवा अशी जास्त झाली की मिश्रण 'लीन' झाले असे म्हणतात. दुसऱ्या रीतीत दाराशी कोणीच नसतो. आचारी बाहेरच्या चपला मोजून तांदूळ वैरतो. 'स्पीड-डेन्सिटी' नावाच्या या पद्धतीत संगणक मॅनिफोल्डमधला दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून आतल्या हवेचा अंदाज बांधतो, त्यामुळे कनातीखालून आलेल्यांच्याही चपला मोजल्या जातात, कारण आगंतुकालाही संस्कार असतात, आणि त्यांचेही ताट वाढले जाते. उपाशी कोणी राहत नाही. फक्त मांडवातला गोंगाट वाढत जातो, म्हणजे सातशे-आठशे फेऱ्यांवर शांतपणे फिरायला हवे ते इंजिन पंधराशेवर घुमत राहते. या रीतीत खरी काळजी घ्यायची ती आचाऱ्याच्या चष्म्याची. मॅनिफोल्डचा दाब सेन्सरपर्यंत पोचवणारी काडीएवढी नळीच चिरली, तर हवा कोंबून भरणारा टर्बो भरात असताना संगणकाला दाब प्रत्यक्षाहून कमी दिसतो, ऐन गर्दीत जेवण कमी पडते, आणि त्यानंतर इंजिनाच्या पोटात जे घडते ते विनोदी लेखाच्या कक्षेत बसत नाही.

या शास्त्राच्या अभ्यासकाने एकच गाडी निवडायची म्हटले तर हिरोशिमाच्या माझदा कंपनीने १९९१ साली आणलेली आणि २००२ पर्यंत बनवलेली तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ निवडावी. जाणकार तिला सांकेतिक अक्षरांवरून 'एफडी' म्हणतात. तिच्या इंजिनात वर-खाली होणारे पिस्टन नाहीत, तर जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखले जाणारे, फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखे दोन रोटर आहेत, आणि दोघे मिळून १,३०८ घनसेंटिमीटरची घागर भरतात. एवढ्याशा इंजिनाने हळू आणि जोरात अशा दोन्ही वेळी ताकद द्यावी म्हणून त्याला दोन टर्बो आहेत, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून हवा कोंबून भरणारे दोन पंखे, आणि ते एकदम न चालता पाळीने चालतात: पहिला लवकर कामाला लागतो आणि ४,५०० फेऱ्यांच्या सुमारास दुसरा येऊन मिळतो. हा पाळीबदल आज एखादी विजेची मोटर मुकाट्याने घडवून आणील, पण १९९१ साली तो हवेच्या दाबावर आणि ओढीवर चालणाऱ्या पडद्यांनी, एकदिशा झडपांनी, दाब साठवण्याच्या व व्हॅक्यूम साठवण्याच्या वेगवेगळ्या डब्यांनी आणि या सर्वांना जोडणाऱ्या, पेन्सिलीहूनही बारीक अशा डझनावारी रबरी नळ्यांनी घडवून आणला.

या नळ्या मॅनिफोल्डच्या वरच्या भागाखाली, हात पोचणार नाही आणि नजर तर मुळीच पोचणार नाही अशा जागी कोंबलेल्या असतात. इंग्रजीत मालकवर्ग त्या जागेला उंदराचे घरटे म्हणतो. मराठीत त्यासाठी फणीतून निघालेल्या केसांचा 'गुंतवळ' हा शब्द तयारच आहे. दुरुस्ती-पुस्तिकेत या गुंतवळाची आकृती दिलेली असते आणि ती भाऊबंदकीच्या दाव्यात जोडलेल्या वंशावळीसारखी दिसते: प्रत्येक रेष कुठून तरी निघते, कोणाला तरी दत्तक जाते, आणि शेवटी सगळ्यांचा हक्क एकाच विहिरीवर पोचतो. टर्बोच्या शेजारात वर्षानुवर्षे भाजून निघालेले रबर पंचविशी-तिशीत पोचले की हात लावताच पापडासारखे तुकडे पडतात. म्हणजे एक नळी तपासायची तर वाटेतल्या चार मोडतात, आणि तपासणाऱ्याची अवस्था एका ढेकणासाठी खाट उसवत बसलेल्या माणसासारखी होते.

यावर दोन पंथ आहेत. पहिला पंथ सगळ्या जुन्या नळ्या काढून सिलिकोनच्या नव्या बसवतो. त्या निळ्या, लाल किंवा जांभळ्या असतात आणि बॉनेट उघडल्यावर आत चाटच्या गाडीची रोषणाई दिसावी अशी त्यामागे अपेक्षा असते. रबर असो वा सिलिकोन, एकदिशा झडप उलटी बसवण्याची मुभा दोन्हीत सारखीच असते आणि ती बहुतेकजण एकदा तरी घेतात. दुसरा पंथ अद्वैतवादी आहे. त्याचे म्हणणे असे की गळतीचे मूळ नळी आहे, तेव्हा नळीच नाहीशी केली की गळतीही मिथ्या ठरेल. म्हणून तो दोन्ही टर्बो उतरवून त्यांच्या जागी एकच मोठा टर्बो बसवतो, पाळीबदलाची यंत्रणा उपटून टाकतो आणि गुंतवळ खोक्यात भरून माळ्यावर ठेवतो, कारण फेकून द्यायचा धीर त्यालाही होत नाही. विचार तर्कशुद्ध आहे. परंतु नळी गेली तरी ती जिच्यावर बसत होती ती मॅनिफोल्डवरची धातूची चोच तिथेच राहते, आणि उघड्या चोची बुजवायला प्रत्येकीवर एकेक रबरी टोपी चढवावी लागते. नळी निदान काही कामाची असते. टोपीचे एकमेव काम गळू न देणे हे आहे, आणि स्वस्तातली टोपी ते काम इंजिनाच्या उष्णतेत वर्ष-दोन वर्षे करून मग बुडाशी चिरते. गळतीचे मूळ उपटण्यासाठी केलेली सुधारणा अशा रीतीने गळतीच्या नव्या वसाहती वसवते. त्यात थ्रॉटल मोठे केले तर त्याचे पॅकिंग नवे, इंजेक्टर बदलले तर त्यांच्या रबरी कड्या नव्या, एखादे अनावश्यक वाटलेले यंत्र काढले तर त्या जागी पत्र्याची पट्टी आणि तिचे पॅकिंग नवे; अश्वशक्ती किती वाढली याबद्दल मतभेद असू शकतात, सांधे किती वाढले याबद्दल नसतात.

लक्षणे सुरू झाली की उपचार सुरू होतात, निदान नंतर होते. आरपीएमचा काटा हजारापासून अठराशेपर्यंत उठाबशा काढू लागतो, आणि त्यामागे संगणकाचा सरळ स्वभाव असतो: पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही आणि फेरे मात्र जास्त, याचा अर्थ गाडी उतारावर असणार असे समजून तो पेट्रोल तोडतो, फेरे कोसळतात, तो घाबरून पेट्रोल सोडतो, चोरट्या हवेच्या जोरावर फेरे पुन्हा चढतात, आणि हा खेळ पेट्रोल संपेपर्यंत चालू शकतो. मालक प्रथम स्पार्क प्लग बदलतो. मग कॉइल, मग ऑक्सिजन सेन्सर, मग इंधन पंप. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला या न्यायाने गाडीचे सर्व निरोगी अवयव एकेक करून नवे होतात. रोटरी इंजिनाच्या मालकाला त्याशिवाय एक खास भीती असते, ती म्हणजे रोटरच्या तिन्ही टोकांना बसवलेल्या 'अपेक्स सील' नावाच्या पट्ट्या गेल्या असतील आणि इंजिन पुरते खोलावे लागेल ही. डोके दुखले की मेंदूत गाठ असणार असे मानणाऱ्यांपैकीच हा वर्ग असल्यामुळे, अडीच मिलिमीटरच्या चिरेसाठी नव्या इंजिनाचे भाव काढून ठेवलेले असतात. आणि ज्याने इंजिनाचे पोर्ट, म्हणजे हवा शिरण्याची द्वारे, कोरून रुंद केलेली असतात त्याची गंमत आणखी निराळी. तसे इंजिन मुळातच उभ्याने 'ब्रॅप-ब्रॅप' असे उचकत चालते आणि त्याचा व्हॅक्यूमही कमीच असतो, कारण त्यासाठीच पैसे मोजलेले असतात. तेव्हा आजची उचकी रोगाची की पैशाची हे व्हॅक्यूम गेजलाही सांगता येत नाही.

शोधाच्या रीतींपैकी सर्वांत जुनी म्हणजे कान. हातभर रबरी नळीचे एक टोक कानात धरायचे आणि दुसरे सांध्या-सांध्यावरून फिरवत फुसफुस ऐकायची. अडचण अशी की चालू इंजिनाच्या आसपास फुसफुसत नाही असे काहीच नसते. इंजेक्टर टकटकतात, पट्टा कुरकुरतो, फेरे सावरण्यासाठी मुद्दाम ठेवलेली हवेची वाटसुद्धा प्रामाणिकपणे फुसफुसते, आणि ऐकणाऱ्याला शेवटी स्वतःच्याच कानातला रक्तप्रवाह संशयास्पद वाटू लागतो. दुसरी रीत फवाऱ्याची: ब्रेक किंवा कार्ब्युरेटर साफ करण्याचा ज्वालाग्राही द्रव संशयित जागी फवारायचा आणि फेरे बदलले की तिथून तो आत ओढला गेला असे समजायचे. ही रीत झटपट आहे. परंतु लाल होईपर्यंत तापणाऱ्या टर्बोच्या ऐन शेजारी पेट घेणारा द्रव उडवण्यात जो धोका आहे तो पाहता रोग सापडण्याआधीच रोगी दगावण्याचा संभव असतो, आणि साध्या पाण्याच्या फवाऱ्याने हेच काम थोड्या कमी रुबाबात पण भुवया शाबूत ठेवून होते.

सर्वांत खात्रीची म्हणजे धुरी. इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये अगदी हलक्या दाबाने दाट धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहायचे. इथे मात्र हवा आतून बाहेर जाते, त्यामुळे 'गळती' हा शब्द तेवढ्या अर्ध्या तासापुरता बरोबर ठरतो. गॅरेजवाल्यांकडे यासाठी तयार यंत्र असते, पण छांदिष्ट मालक ते घरीच बनवतो: घट्ट झाकणाची बरणी, तिच्यात तापण्यासाठी डिझेल इंजिनाचा ग्लो प्लग, बाजूने हवा येण्याची नळी आणि बुडाशी बेबी ऑइल. लहान बाळाला तेल चोळून, न्हाऊ घालून वर ओवा-उदाची धुरी देणाऱ्या आजीला या सामग्रीत अनोळखी काही वाटू नये, आणि अमेरिकेतल्या घराला जोडलेल्या गॅरेजमधून रविवारी सकाळी बेबी ऑइल शोधत आलेल्या, घरात बाळ नसलेल्या गृहस्थाकडे त्याची पत्नी ज्या नजरेने पाहते त्यातही नवे काही नसते.

हवेची मुख्य वाट बंद करणे भाग असते, आणि त्यासाठी फिल्टर काढून उघड्या पाइपाच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बांधतात. धूर सुरू झाल्यावर पहिले अर्धे मिनिट काहीच होत नाही. मग मोजा हलतो, करंगळी सरळ होते, तिच्या मागोमाग उरलेली बोटे उभी राहतात, आणि इंजिनाच्या पोटातून एक पांढरट पंजा वर येऊन 'थांबा' अशी खूण करतो. पहिला धूर निघतो तो मोज्याच्या बांधणीतून, दुसरा बरणीच्या झाकणातून. शोधयंत्राने स्वतःच गळावे ही या शास्त्राची जुनी परंपरा असून तिच्यात अर्धा तास सहज जातो. तिसरा धूर सायलेन्सरमधून येतो, कारण रोटर ज्या कोनात थांबले असतील त्यानुसार आत शिरलेल्याला बाहेरची वाट मोकळी मिळू शकते, आणि त्याचा अर्थ काहीच नसतो. मग विजेरीच्या तिरप्या उजेडात, मागच्या भिंतीलगत, मॅनिफोल्डच्या पोटाखालून उदबत्तीच्या रेघेइतकी बारीक रेघ वर चढताना दिसते. हात तिथे जात नाही. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा आत सरकवून पाहावे लागते, आणि आरशात दिसते ती काळी रबरी टोपी, चार मिलिमीटरची, बुडाशी अर्ध्या परिघात चिरलेली; दोन वर्षांपूर्वी गुंतवळ उपटून टाकताना मालकाने स्वतःच्या हाताने बसवलेली आणि त्यामुळेच संशयितांच्या यादीत कधीही न आलेली. यादी कारखान्यापासून सुरू होऊन आधीच्या मालकावर संपते. स्वतःच्या हातचे काम तपासायचे असते ते दुसऱ्याच्या गाडीत.

टोप्या सुट्या मिळत नाहीत, दहांचे पाकीट घ्यावे लागते. नवी टोपी चढते, तिच्यावर या खेपेस आवळपट्टीही बसते, मोजा उतरतो, फिल्टर परत लागतो, चावी फिरते. इंजिन सुरू होते, दोन सेकंद चालते आणि बंद पडते. पुन्हा सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. हे तिसऱ्यांदा घडल्यावर ध्यानात येते की चोरट्या हवेमुळे फेरे वाढू लागले त्या महिन्यांत मालकाने थ्रॉटलवरचा, उभ्या गाडीची हवा कमी-जास्त करण्याचा स्क्रू थोडा थोडा आत पिळत नेलेला होता, आणि पेट्रोलचा नकाशा लिहून देणाऱ्या ट्यूनरने चिरलेली टोपी बिनचूक हिशेबात धरून आकडे भरलेले होते. आगंतुक इतके दिवस राहिला की त्याचे नाव रेशनकार्डावर चढले, आणि आता तोच गेल्यावर घर चालेना. मालक पेचकस घेऊन वाकतो आणि तो स्क्रू पाव-पाव फेरा उलटा सोडू लागतो. अडीच फेऱ्यांनंतर काटा साडेसातशेवर टेकतो आणि तिथेच राहतो. हिरोशिमाच्या कामगाराने तो स्क्रू ज्या जागी सोडला होता, त्याच जागी तो आता परत आलेला असतो.